केल्टिक शस्त्रांवरची चिन्हं: अर्थ शोधायचा कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इ.स.पू. ३००च्या सुमाराचा एक गॉल योद्धा, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातल्या केल्टिक लोकांपैकी एक, तुम्ही गेमसाठी उभा करताय. रेखाटनात ढालभर केल्टिक गाठी आहेत, तलवारीच्या पात्यावर तीन वळशांचं चिन्ह आहे, शिरस्त्राणाला शिंगं आहेत. या प्रत्येक चिन्हाचा अर्थ तुम्हाला हवाय, म्हणजे तो कथानकात वापरता येईल. मी धातूच्या पत्र्यावर उठावकाम करते, ते शिकवते, आणि लोहयुगीन युरोपातल्या ढाली-म्यानांच्या प्रती घडवणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, पण तुम्हाला वापरता येईल असं ते देण्याचा प्रयत्न करते.

सुरुवात ढालीपासून करू. त्या एकमेकींत गुंतलेल्या, आदि-अंत नसलेल्या गाठी काढून टाका. तुमच्या योद्ध्याने त्या आयुष्यात पाहिलेल्या नाहीत. लोहयुगातल्या केल्टिक कलेत ही नक्षी नाहीच. ती बहरते इसवी सनाच्या सातव्या शतकात, ब्रिटन आणि आयर्लंडच्या ख्रिस्ती मठांमध्ये. बुक ऑफ डरो, इ.स. ७००च्या सुमाराची लिंडिसफार्न गॉस्पेल्स आणि इ.स. ८००च्या आसपासचं बुक ऑफ केल्स या हस्तलिखितांत ती पानंच्या पानं व्यापते. भूमध्यसागरी वेणीकाम, जर्मानिक जमातींच्या दागिन्यांवरचे एकमेकांना विळखे घालणारे लांबोडके प्राणी आणि जुनी केल्टिक वळणं, अशा तीन प्रवाहांतून ती घडली. तुमचा योद्धा आणि ही नक्षी यांच्यात सुमारे हजार वर्षं आहेत. ‘चिरंतन प्रेमाची गाठ’, ‘योद्ध्याची गाठ’ अशी जी नावं दागिन्यांच्या आणि टॅटूच्या पानांवर दिसतात ती तर आधुनिक काळातली आहेत. त्यांना त्या मठांचाही आधार नाही. नक्षी अप्रतिम आहे, पण गॉलच्या ढालीवर ती शोभणार नाही.

दुसऱ्या टोकाची गल्लतही सर्रास होते. आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजच्या दगडावरचे तीन वळसे ‘सर्वांत प्राचीन केल्टिक चिन्ह’ म्हणून दाखवले जातात. न्यूग्रेंज इ.स.पू. ३२००च्या सुमाराचं, नवाश्मयुगीन आहे. ज्या कलेला आपण केल्टिक म्हणतो ती इ.स.पू. पाचव्या शतकाच्या मध्याला आकार घेते. स्वित्झर्लंडमधल्या नूशाटेल सरोवराकाठच्या ला तेन या ठिकाणावरून तिला नाव मिळालं. १८५७मध्ये सरोवराचं पाणी ओसरलं आणि तिथे लोखंडी शस्त्रांचा साठा दिसू लागला. तुमचा योद्धा या ला तेन काळातला.

आता अर्थाकडे वळू. या लोकांनी आपल्या चिन्हांचा अर्थ कुठेही लिहून ठेवलेला नाही. गॉलमधले ड्रुइड, म्हणजे त्यांचे पुरोहित, आपली विद्या मुद्दाम लिहीत नसत, ती पाठ करवून घेत, इतर व्यवहारांसाठी मात्र ग्रीक लिपी वापरत, असं ज्युलियस सीझरने नोंदवलंय. म्हणजे लिहिता येत होतं, पण जे पवित्र होतं ते लिहायचं नव्हतं. आयर्लंड-वेल्सच्या वीरकथा लिहिल्या गेल्या त्या कित्येक शतकांनी, ख्रिस्ती लेखनिकांच्या हातून. म्हणून ‘रानडुक्कर म्हणजे शौर्य, कावळा म्हणजे मृत्यू, तीन वळसे म्हणजे भूमी-जल-आकाश’ अशी तयार यादी कुणी पुढे केली तर ती बाजूला ठेवा. चिन्ह कोणत्या वस्तूवर आहे, वस्तूच्या कोणत्या भागावर आहे, ते कुणाला दिसायचं, आणि ती वस्तू शेवटी कुठे गेली, हे पाहत गेलं की अर्थ बराच उलगडतो. माझा सगळा भर यावर आहे.

रानडुकराचं उदाहरण घ्या. इंग्लंडच्या लिंकनशायरमध्ये विदम नदीत १८२६मध्ये एक ढाल सापडली. ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ढाल लांबट, एक मीटरहून उंच, समोरून ब्राँझच्या पत्र्याने मढवलेली, मधोमध उंच कणा आणि त्यावर लाल पोवळी. पहिल्या नजरेत दिसतात ती वर्तुळं आणि तो कणा. पण पत्र्यावर तिरका प्रकाश पडू दिलात तर काही बारीक भोकं दिसतात, आणि त्या भोकांच्या रेषेत धातूचा रंग किंचित वेगळा आहे. ती भोकं नजरेने जोडत गेलात की काठीसारख्या लांबच लांब पायांचं एक रानडुक्कर समोर येतं. कधीकाळी ते वेगळ्या तुकड्यातून कापून ढालीवर जडवलेलं होतं. तुकडा गेला, त्याची सावली धातूवर राहिली.

हे डुक्कर ढालीच्या दर्शनी बाजूला, मधोमध होतं. म्हणजे ते योद्ध्याला नव्हे, समोरच्या शत्रूला दिसायचं. आता दुसऱ्या वस्तू शेजारी मांडा. कार्निक्स नावाचं केल्टिक रणशिंग उभं धरून वाजवायचे, माणसाच्या डोक्याच्या बराच वर त्याचं तोंड यायचं आणि ते तोंड बहुधा रानडुकराचं असायचं. स्कॉटलंडमधल्या डेस्कफर्डला १८१६मध्ये दलदलीत असं एक ब्राँझचं डोकं मिळालं. त्याचा जबडा हलता आहे आणि सापडलं तेव्हा आत लाकडी जीभही होती. फ्रान्समध्ये तँतिन्याक इथे २००४मध्ये एकाच खड्ड्यातून सात कार्निक्स निघाले. त्यांतली बहुतेक तोंडं रानडुकराचीच, एक सापासारख्या अजस्र प्राण्याचं. डेन्मार्कच्या गुंडेस्ट्रुप इथल्या चांदीच्या हंड्यावर (तो १८९१मध्ये सापडला) कार्निक्स वाजवणारे तिघेजण स्पष्ट दिसतात, आणि त्याच पट्टीत एका योद्ध्याच्या शिरस्त्राणावर तुऱ्याच्या जागी अख्खं रानडुक्कर उभं आहे. फ्रान्समधल्या सुलाक-सुर-मेर इथे मिळालेलं धातूचं रानडुक्कर तर काठीवर मिरवायचं निशाण होतं.

ढाल, रणशिंग, शिरस्त्राण, निशाण या चारही जागा लढाईच्या तोंडाच्या, शत्रूच्या बाजूच्या. आणि जवळजवळ प्रत्येक डुकराच्या पाठीवरचे केस ताठ उभे. रानडुक्कर चवताळून अंगावर येण्याच्या बेतात असतं तेव्हा ते असं दिसतं. म्हणून ‘डुक्कर म्हणजे शौर्य’ एवढं म्हणून मी थांबत नाही. हे हल्ल्याच्या क्षणाचं चित्र आहे, आणि ते ज्याच्यावर हल्ला होणार त्याच्यासाठी आहे. तुमच्या गेममध्ये याचा उपयोग आवाजातून करा. डायोडोरस सिक्युलस या ग्रीक इतिहासकाराने या रणशिंगांचा आवाज कर्कश आणि युद्धाच्या गदारोळाला साजेसा असल्याचं लिहिलंय. डेस्कफर्डच्या कार्निक्सची प्रतिकृती १९९०च्या दशकात जॉन क्रीड या धातुकाराने घडवली आणि जॉन केनी हे ट्रॉम्बोनवादक ती वाजवतात. ध्वनिमुद्रणं ऐका. धुक्यातून आधी तो आवाज यावा आणि मग माणसांच्या डोक्यांवरून जबडे वाजवणारी डुकरं दिसावीत, एवढ्याने तुमचा प्रवेश उभा राहील.

पक्ष्यांचंही असंच. रुमानियातल्या चुमेश्त इथल्या दफनभूमीत १९६१मध्ये एक लोखंडी शिरस्त्राण सापडलं. त्याच्या माथ्यावर ब्राँझचा शिकारी पक्षी आहे, आणि त्याचे पंख बिजागरीवर बसवलेले आहेत. योद्धा धावला, घोडा दौडला की पंख फडफडत असणार. बिजागरी बसवणं हे कारागिराच्या दृष्टीने जादा काम आहे, जादा वजन आहे, आणि मोडायला एक जागा आणखी. ते केलं याचा अर्थ पक्षी हलायलाच हवा होता. लिव्ही या रोमन इतिहासकाराने इ.स.पू. ३४९ची एक रोमन कथा दिलीय. गॉल योद्ध्याशी द्वंद्व चालू असताना रोमन तरुणाच्या शिरस्त्राणावर कावळा येऊन बसतो आणि गॉलच्या तोंडावर झडप घालतो. चुमेश्तचं शिरस्त्राण पाहिल्यावर मला ही कथा उलटी वाचाविशी वाटते. डोक्यावर पक्षी घेऊन लढणारे गॉल रोमनांनी पाहिले असणार, आणि तो पक्षी त्यांनी आपल्या बाजूला वळवून घेतला असावा. हा माझा कयास आहे, पण पक्ष्याकडे दोन्ही बाजू आपल्या बाजूचा म्हणून पाहत होत्या एवढं त्यातून दिसतं.

तलवारीच्या पात्यावर तुम्ही काढलेले तीन वळसे मात्र जागा चुकलेत. ला तेन तलवारीचं पातं बहुधा साधंच असतं. काही पात्यांवर मुठीजवळ छोटे ठसे दिसतात. स्वित्झर्लंडमधल्या पोर्ट इथल्या एका तलवारीवर तर ग्रीक अक्षरांत ‘कोरिसिओस’ हे नाव ठोकलेलं आहे. नक्षीची खरी जागा म्यान. आणि म्यानावरही सगळीकडे नाही, तर मुखापाशी, जिथून तलवार बाहेर येते तिथे.

तिथे एक आकृती वारंवार भेटते. समोरासमोर उभे दोन प्राणी, शरीरं इंग्रजी ‘एस’सारखी वळलेली, तोंडं उघडी. अभ्यासक त्यांना ड्रॅगनची जोडी म्हणतात. ही जोडी थेम्स नदीत सापडलेल्या म्यानांवर आहे, फ्रान्समध्ये आहे, हंगेरीत आहे, पार कार्पेथियन पर्वतांपर्यंत आहे. एवढ्या पसरलेल्या प्रदेशात एकच राज्य कधी नव्हतं, बोली निराळ्या, दफनाच्या रीती निराळ्या. तरी म्यानाच्या मुखावर तीच जोडी. प्रदेशानुसार बदलणारी सजावट ही नव्हे. तलवार बाळगणाऱ्यांचा एक वर्ग होता, तो प्रवास करायचा, दूरच्या राजांकडे भाडोत्री सैनिक म्हणून लढायचा, आणि ही खूण त्यांना एकमेकांची ओळख पटवायची, असं मला सगळ्यांत सयुक्तिक वाटतं. शिवाय जागा बघा. तलवार उपसताना पातं त्या दोन जबड्यांच्या मधून बाहेर येतं. गेममध्ये उपसण्याचं दृश्य जवळून दाखवणार असाल तर हे हातचं सोडू नका.

नक्षी कोरली कशी, तेही सांगते, कारण त्याचा दिसण्याशी संबंध आहे. बऱ्याच वस्तूंवरची रेघ नीट पाहिली तर ती सरळ नसते, बारीक नागमोडी असते. टोकदार कोरणी पत्र्यावर टेकवून डावी-उजवी डोलवत पुढे नेली की अशी रेघ उमटते. सरळ कोरलेली रेघ एका कोनातून चमकते, दुसऱ्या कोनातून काळी पडते. ही डोलती रेघ कुठूनही पाहा, तिच्यावर प्रकाशाचे कण हलत राहतात. अंगावर हलणारी वस्तू मशालीच्या उजेडात कशी दिसेल याचा विचार करून घेतलेलं हे काम आहे. पोत बनवताना नक्षी काळ्या रेघांनी रंगवू नका, उंचसखलपणातून येऊ द्या.

आता मला सगळ्यांत जवळचा विषय. ला तेन कलेच्या मुळाशी ग्रीक आणि एट्रुस्कन (म्हणजे इटलीतल्या, रोमच्या शेजारच्या एका जुन्या संस्कृतीची) नक्षी आहे. दारूच्या सुरया, हंडे यांच्यासोबत कमळं, ताडपत्रं, वेली उत्तरेला आल्या. तिथल्या कारागिरांनी त्या घेतल्या आणि मोडल्या. ग्रीक ताडपत्र हे ताडपत्रच राहतं. केल्टिक हातात त्याची दोन पानं फुगतात, मध्ये बोंड येतं, आणि अचानक ते दोन डोळे आणि नाक असतं. पुन्हा पाहिलंत की पानं. जर्मनीतल्या वाल्डाल्गेसहाइम इथल्या थडग्यातले सोन्याचे दागिने १८६९मध्ये सापडले, त्यांवरच्या वेलींत हा खेळ परमावधीला गेलेला आहे.

बॅटरसी ढालीवर हे ठळक दिसतं. ती १८५७मध्ये लंडनला थेम्समध्ये मिळाली. उंची ७७.७ सेंटिमीटर, तीन वर्तुळांची मांडणी, आणि २७ लाल काचेच्या टिकल्या. मधलं वर्तुळ वरच्या-खालच्या वर्तुळांना जिथे भेटतं तिथे शिंगं असलेल्या जनावराचं तोंड असल्यासारखं वाटतं. बोट ठेवून ‘हे तोंड’ म्हणायला जावं तर नुसती वळणं. मी या प्रकारच्या पट्टीची प्रत करते तेव्हा पत्रा तापवून मऊ करते, राळेवर बसवते, मागून ठशांनी आकार फुगवते, मग उलटवून पुढून कडा बसवते. फुगवटा थोडा जास्त झाला की ते उघडउघड तोंड होतं, थोडा कमी पडला की निव्वळ नक्षी. मूळ कारागिराने नेमकी मधली उंची साधलीय, आणि प्रत्येक ठिकाणी साधलीय. हे अपघाताने होत नाही. पाहणाऱ्याला निश्चित काही ठरवता येऊ नये, हाच हेतू होता असं माझं ठाम मत आहे. समोर ढाल घेऊन येणारा माणूस आहे, की त्याच्यासोबत आणखी काही आहे? अशा आकृतीला एका शब्दाचा अर्थ देणं म्हणजे कारागिराने इतक्या मेहनतीने उघडं ठेवलेलं दार बंद करणं.

त्या टिकल्या बारकाईने पाहिल्यात तर लाल काचेवर ब्राँझची जी जाळी आहे ती स्वस्तिकासारखी दिसेल. मराठी माणसाला ती ताबडतोब ओळखीची वाटते. फिरतं चिन्ह, मग ते तीन हातांचं असो वा चार हातांचं, जगात ठिकठिकाणी स्वतंत्रपणे सुचलेलं आहे. कंपासने वर्तुळ आखून त्याचे भाग पाडणाऱ्याला ते सुचतंच. त्यावरून आपल्याशी नातं जोडू नका.

हीच गोष्ट गुंडेस्ट्रुपच्या हंड्यावरच्या शिंगधारी आकृतीची. पाय दुमडून बसलेली, भोवती प्राणी, म्हणून ‘हा मोहेंजोदडोचा पशुपती’ असे संदेश आपल्याकडे फिरत असतात. दोन्हींत सुमारे दोन हजार वर्षांचं अंतर आहे आणि मधल्या काळात जोडणारा एकही दुवा नाही. त्या आकृतीला केर्नुन्नोस म्हणतात, तेही पॅरिसच्या नोत्र दाम चर्चखाली १७११मध्ये मिळालेल्या रोमन काळातल्या स्तंभावरच्या दुसऱ्या एका शिंगधारी प्रतिमेवरच्या नावावरून. शिवाय गुंडेस्ट्रुपचा हंडा घडवला गेला तो बहुधा आग्नेय युरोपात, थ्रेशियन (आजच्या बल्गेरियाच्या भागातल्या लोकांच्या) धाटणीच्या चांदीकामात.

भारताशी खरा धागा वेगळाच आहे, आणि तो पोवळ्याचा आहे. विदम ढालीवर पोवळं आहे, फ्रान्समधल्या आग्री इथल्या गुहेत १९८१मध्ये मिळालेल्या सोन्याने मढवलेल्या शिरस्त्राणावरही आहे. ते भूमध्य समुद्रातून यायचं. पहिल्या शतकातला रोमन लेखक थोरला प्लिनी सांगतो की गॉल लोक पूर्वी आपल्या तलवारी, ढाली आणि शिरस्त्राणं पोवळ्याने सजवत. पण भारतात त्याला इतकी मागणी आहे की आता ते निघतं त्या प्रदेशातही क्वचितच दिसतं. रोमनांना जसे भारतीय मोती, तसं भारतीयांना पोवळं, आणि ते अंगावर असलं की संकटं टळतात असं तिथले जाणकार मानतात, हेही तो लिहितो. मंगळासाठी पोवळ्याची अंगठी घालणाऱ्या घरांत हे वाचून कुणालाही नवल वाटणार नाही. गॉलच्या ढालीवर पोवळं असण्यामागे असाच काही समज होता का, याचा पुरावा नाही. पण लाल रंगाचा हट्ट मात्र पक्का आहे. पोवळ्याची जागा पुढे लाल काचेने घेतली, आणि ही अपारदर्शक लाल काच बनवणं सोपं नाही. भट्टीतली हवा जरा चुकली की तांब्याचा तो लाल रंग हिरवा पडतो. निळी किंवा पिवळी काच तुलनेने सहज जमली असती. तरी शस्त्रांवर लाखेसारखा लालच हवा. म्हणून तुमच्या योद्ध्याला रंगाचा एखादाच ठिपका द्यायचा असेल तर तो लाल द्या.

शस्त्राच्या शेवटाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण गेमवाले सहसा तो विसरतात. उत्तर फ्रान्समधल्या गूर्ने-सुर-आरोंद इथल्या देवस्थानी दोन हजारांहून जास्त शस्त्रांचे अवशेष मिळाले. आधी ती उघड्यावर टांगून ठेवली होती, मग खाली आल्यावर वाकवून, तोडून, मुरडून खंदकात टाकली. तलवारी दुमडलेल्या, म्यानं चेपलेली. सीझरही सांगतो की गॉल लोक लुटीचे ढीग पवित्र जागी रचून ठेवत आणि त्याला कुणी हात लावत नसे. वेल्सच्या अँगलसी बेटावर लिन केरिग बाख या तळ्याच्या गाळातून १९४२मध्ये, विमानतळाचं काम चालू असताना, दीडशेहून जास्त वस्तू निघाल्या. त्यांतली एक लोखंडी साखळी इतकी शाबूत होती की चिखलात रुतलेले ट्रक ओढायला कामगारांनी ती वापरली. नंतर कळलं, ती माणसांच्या गळ्यांत अडकवायची साखळी होती, दोन हजार वर्षांपूर्वीची. तीन वळशांचं जे चिन्ह तुम्हाला हवंय त्याचं माझं सर्वांत आवडतं रूप याच तळ्यातल्या चंद्रकोरीच्या आकाराच्या ब्राँझ पट्टीवर आहे. तीन हात, पण कुठेही यांत्रिक सारखेपणा नाही, फुगवटे कमी-जास्त होत फिरत राहतात.

पाण्यात किंवा खंदकात टाकण्याआधी तलवार वाकवणं हे तिला मारणं होतं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मलाही ते पटतं. जे जिवंत असतं त्यालाच मारावं लागतं. मुठी पाहिल्या तरी हेच जाणवतं. काही छोट्या तलवारींची मूठच माणसाच्या आकाराची असते, हात वर, पाय खाली, मध्ये डोकं. पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने लिहिलंय की गॉल तलवारी पहिल्या घावातच वाकत आणि त्या पायाखाली घेऊन सरळ कराव्या लागत. काही पाती मऊ होती हे खरं, पण बरीच उत्तम होती. अशा मुद्दाम वाकवलेल्या तलवारी कुणी पाहिल्या आणि त्यावरून ही समजूत झाली, असं एक मत गेली शंभराहून जास्त वर्षं मांडलं जातंय.

इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या कर्कबर्न इथली तलवार मात्र मालकासोबत गेली. १९८७मध्ये ती एका तरुणाच्या थडग्यात मिळाली. तिची मूठ एकट्या ३७ तुकड्यांची आहे, लोखंड, ब्राँझ आणि शिंग जोडून केलेली, वर लाल काच. माणसाला खड्ड्यात ठेवल्यावर त्याच्या छातीत भाले खुपसलेले होते. त्या मुठीची घडण पाहिल्यावर मला वाटतं की असं शस्त्र गावात नावाने ओळखलं जात असणार, कुणी घडवलं, कुणाकडून आलं हे सगळ्यांना ठाऊक असणार. तुमच्या कथानकात अर्थ भरायचा असेल तर तो इथे भरा. वडिलांची तलवार मुलाने वापरायची की वाकवून तळ्यात सोडायची, हा त्या जगातला खरा पेच ठरेल.

शिंगांबद्दल पटकन. थेम्समध्ये वॉटर्लू पुलापाशी १८६८मध्ये मिळालेलं शिंगांचं ब्राँझ शिरस्त्राण प्रसिद्ध आहे, पण ते इ.स.पू. १५० ते ५०मधलं, ब्रिटनचं, आणि त्याचा पत्रा लढाईच्या मानाने फार पातळ. डायोडोरस शिंगांच्या शिरस्त्राणांचा उल्लेख करतो, म्हणजे ती होती, सरसकट नव्हती. बहुतेकांच्या डोक्याला काहीच नसे. एखाद्या सरदाराला शिंगं किंवा पक्षी द्या, सगळ्या टोळीला नको. अंगावरच्या निळ्या रंगाचंही तसंच. सीझरने तो ब्रिटनच्या लोकांबद्दल लिहिलाय, गॉलबद्दल नाही.

गळ्यातल्या जाड सोन्याच्या कड्याबद्दल, म्हणजे टॉर्कबद्दल, तुम्ही विचारलं नाही, पण रेखाटनात ते आहे म्हणून सांगते. इ.स.पू. २२५च्या टेलामोनच्या लढाईत पुढच्या फळीतले गॉल सोन्याची कडी घालून आले होते असं पॉलिबियस लिहितो. त्यामुळे ते चुकीचं नाही. पण त्या काळातल्या थडग्यांत टॉर्क जास्त करून स्त्रियांच्या गळ्यात सापडतो. त्याही आधी, इ.स.पू. ५००च्या सुमारास, फ्रान्समधल्या व्हिक्स इथे पुरलेल्या स्त्रीच्या अंगावरचं सोन्याचं कडं ४८० ग्रॅमचं आहे. तुमच्या गेममध्ये सत्ता असलेली एखादी स्त्री असेल तर सर्वांत जड टॉर्क तिला द्या.

आता रेखाटनात काय बदलायचं ते. ढाल लाकडी करा, लांबट अंडाकृती, छातीपासून गुडघ्याखालपर्यंत झाकणारी, मधोमध उभा कणा. पूर्ण ब्राँझने मढवलेल्या ज्या ढालींबद्दल वर लिहिलं त्या ब्रिटनच्या नद्यांतल्या आहेत आणि त्यांतल्या निदान काही लढायला नव्हे, मिरवायला केलेल्या. गॉलच्या लाकडी ढालींचा रंग टिकलेला नाही, तेव्हा तिथे तुम्हाला मोकळीक आहे. डायोडोरस म्हणतो की प्रत्येकाची ढाल त्याच्या पद्धतीने सजवलेली असे, काहींवर ब्राँझचे उठावदार प्राणी असत. म्हणून शंभर योद्धे दाखवताना एकच चिन्ह शंभर ढालींवर छापू नका. दहा-बारा ढालींवर डुक्कर, तेही प्रत्येक वेगळं.

पातं कोरं ठेवा, नक्षी म्यानाच्या मुखावर न्या. तलवार डाव्या नव्हे, उजव्या बाजूला, लोखंडी साखळीने कमरेला अडकवा. तिथून ती सरळ वर ओढून उपसायची असते, त्यामुळे हाताची हालचालही बदलेल. आकृत्या आरशातल्यासारख्या दोन्हीकडे तंतोतंत सारख्या काढू नका. कंपास वापरा, पण प्रत्येक वळणाचं केंद्र जरासं सरकवा. म्यानाचा नवा आराखडा झाला की इथेच टाका. दोन प्राण्यांच्या जबड्यांमधलं अंतर आणि पात्याची रुंदी जुळतेय का, ते मी पाहून सांगते.